नानेतला फिरायला नेणारी झेली

आतडी धुणाऱ्या बायकांचे हात म्हातारपणीही ओळखू येतात. नखांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या असतात आणि थंडी सुरू झाली की त्यांची बोटं इतरांच्या आधी वाकतात. झेलीचे हात तसे होते. लिमोजच्या रस्त्यावर पूर्वी जो कत्तलखाना होता, तिथे ती शाळा सोडल्यापासून होती. आधी आतडी, मग कातडी, आणि शेवटची बरीच वर्षं जनावर ज्या दारातून आत येतं आणि जिथे ते पाडलं जातं त्या दाराशी. त्या जागी बाईमाणूस टिकत नसे, पुरुषही दारू प्यायला लागत. झेली टिकली. संध्याकाळी सायकलवरून घरी यायची, हात खसखसून धुवायची आणि चुलीवर सूप चढवायची.

लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं नाही, असं ती सांगायची. विचारलं होतं पण वासामुळे माघार घेतली, असं आमच्या ला व्हेर्न गावातले लोक सांगायचे. तिची बहीण तरुणपणीच गेली आणि बहिणीचा मुलगा गिस्लँ अर्धाअधिक झेलीच्याच स्वयंपाकघरात वाढला. तो तिला मावशी म्हणायचा, म्हणून आम्ही सगळेच मावशी म्हणायला लागलो. पुढे गिस्लँ मोठा झाला, गाईगुरांचा मोठा गोठा केला, हसरा, दिलदार, खांद्यावर हात टाकून बोलणारा. गावाच्या शिकार मंडळाचा अध्यक्षही झाला. मावशीकडे रविवारी जेवायला जायचं मात्र त्याने सोडलं नाही.

झेलीच्या घरची डुकरीणही त्यानेच आणली होती. एका हाक्यात त्याने रानडुकरिणीला गोळी घातली, पिल्लं पांगली, आणि एक मात्र मेलेल्या आईच्या पोटाशी ढुशा देत उभं राहिलं. अंगावर पट्टे असलेलं, मांजराएवढं. गिस्लँने ते जाकिटात घालून आणलं आणि मावशीच्या ओट्यावर ठेवलं.

"नाताळापर्यंत पोस. मग तूच काप. तुझ्याइतकं साफ कोणाला जमतं?"

"दूध कोण देणार? तू?"

"माझ्या गाई देतील, मावशी."

गाईंनी दूध दिलं. पिल्लू चुलीमागे खोक्यात झोपायचं. नाताळ आला. झेलीने सुरीला धार लावली, आता ती डुकरीण जिथे ठेवली होती त्या घरामागच्या छपरात गेली, आणि थोड्या वेळाने तशीच परत आली. "नुसती हाडं आहेत अजून," म्हणाली. पुढच्या नाताळाला म्हणाली, "आता राठ झाली." तोवर तिचं नाव नानेत पडलं होतं, आणि नाव पडलेल्या जनावराचं काय होतं हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे.

लोकांना याची फार मजा वाटली. विशेषतः फिर्मँला. फिर्मँ मंडळातला सगळ्यांत जुना शिकारी, कुत्री पाळणारा. जिभेला हाड नसलेला. चौकातल्या बारमध्ये झेली पाव घ्यायला आली की तो मुद्दाम खुर्ची मागे सरकवायचा.

"सरका रे, झेलीबाईंना वाट द्या. घरी माणूस वाट बघतंय."

"माणूस नाही, डुकरीण," झेली म्हणायची. "माणसं सगळी इथेच बसलेली दिसतात. म्हणून तर मी घरी जाते."

सगळे हसायचे. झेली पाव काखेत मारून निघून जायची.

कमरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं. दुपारचं जेवण झालं की ती निघायची: घरामागून जुन्या गिरणीच्या तळ्याशी, तळ्याच्या काठाने नेच्यांतून वर ओकच्या रानात, रानातून माळावरच्या दगडी क्रुसापर्यंत आणि परत. नानेत तिच्या मागे. दोर नाही, काही नाही. झेली थांबली की ती थांबायची, नाकाने पाचोळा उलथायची, आणि झेली चालू लागली की धावत येऊन तिच्या पोटरीला नाक लावायची. पूर्ण वाढलेली रानडुकरीण, केस राठ, आणि चाल एखाद्या शहाण्या शाळकरी मुलीसारखी. सप्टेंबरात शिकारीचा मोसम सुरू झाला की शनिवार-रविवार तिला कुंपणात राहावं लागे. त्या दोन दिवसांत रानात गोळ्या चालायच्या, आणि गोळीला पाळलेलं आणि रानातलं कळत नाही.

त्या वर्षी हाक्यात काही मिळेना. डुकरं होती, मक्याची शेतं उकरलेली रोज दिसत होती. पण दिवसा ती सगळी ओढ्याकाठच्या जाळीत जाऊन बसायची. ती जाळी म्हणजे काटेरी ब्लॅकबेरीचं एक गावच आहे, कुत्रीसुद्धा आत जायला कुरकुरतात. पलीकडच्या गावचे लोक रविवारी गाड्यांच्या टपावर डुकरं घालून आमच्या चौकातून मुद्दाम हळू जायचे. गिस्लँचं हसू थोडं कमी झालं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो झेलीकडे जेवायला आला आणि आधी घरामागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या बुटांना चिखल होता आणि तोंडावर पुन्हा जुनं हसू होतं.

"मावशी, तुझ्या नानेतकडे पाहुणे येतात."

"कसले पाहुणे?"

"कुंपणाच्या बाहेर खूर उमटलेत. मोठे. दोन फळ्या चावल्यात. माजावर आली आहे ती, आणि जाळीतले सगळे नर रात्री तुझ्या दाराशी."

झेलीने सूप वाढलं. "मग? लग्न लावतोस?"

"लावू की." त्याने पाव तोडला. "ऐक, तू रोज फिरतेसच तिला घेऊन. रविवारी सकाळी फीर. तळ्यापासून क्रुसापर्यंत, तुझी नेहमीची वाट. तिच्या वासावर ते जाळीतून बाहेर येतील, मागे मागे चालतील. आम्ही क्रुसाच्या अलीकडे रांगेत उभे. तुम्ही दोघी रांग ओलांडून गेलात की तू शिंग फुंकायचंस. मग आमचं काम."

"आणि तिचं काय?"

"तिला नारिंगी पट्टा घालू. पट्टेवालीला कोणी हात लावणार नाही, माझा शब्द."

झेलीने त्याच्या वाडग्यात आणखी सूप वाढलं. मग म्हणाली, "आणि नाही म्हटलं तर?"

गिस्लँ हसला. तो वाईट माणूस नव्हता; हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं वाचून तसं वाटेल. "तर काय, मावशी? काही नाही. पण रानडुक्कर घरात पाळायला परवानगी लागते, हे तुलाही ठाऊक आहे. आजवर सरकारी लोकांना कोणी कळवलं नाही, कारण मी आहे म्हणून. मी कायम अध्यक्ष थोडाच राहणार? असं रिकाम्या हाताने परत येत राहिलो तर मोसम संपायच्या आत मला काढतील. मग सरकारी लोक मारायची सुई घेऊन येतील एखाद्या सकाळी. मी काय करणार?"

असं जनावर वापरून हाका करणं कायद्यात बसत नव्हतंच. पण रांगेत उभे राहणारे सगळे एकाच गावचे होते. माझे वडीलही होते.

पुढच्या रविवारी गिस्लँने माळावरून शिंग फुंकलं. हाका सुरू झाल्याची ती खूण. ते ऐकून झेलीने फाटक उघडलं. तिच्या अंगात मंडळाचं नारिंगी जाकीट होतं, पुरुषी मापाचं, बाह्या दुमडलेलं. नानेतच्या गळ्यात पट्टा. दोघी तळ्याशी गेल्या, नेच्यांतून वर चढल्या. धुकं होतं. मागे जाळीत काटक्या मोडल्याचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. गिस्लँने बजावलं होतं की मागे वळून बघायचं नाही, पाऊल थांबवायचं नाही, नर बिचकतात. झेली चालत राहिली. नानेत मध्येच थांबून कान फिरवायची तेव्हा झेली तिच्याशी हलकेच बोलायची आणि ती पुन्हा चालू लागायची.

रांग ओलांडून ती क्रुसापाशी पोहोचली आणि शिंग तोंडाला लावलं. आवाज फाटका आला, पण आला. लगेच गोळ्या. नानेतचं सगळं अंग ताठ झालं, केस उभे राहिले, ती पळणार होती. झेलीने खिशातून उकडलेले चेस्टनट काढले आणि तळहात तिच्या नाकाखाली धरला. वाटेत स्वतः खाण्यासाठी घेतले होते, सहज सुचलं. नानेतने थरथरत एक घेतला. मग दुसरा. मागे काय चाललंय ते दोघींपैकी कोणी बघितलं नाही.

दोन मोठे नर पडले होते.

त्या दुपारी शिकाऱ्यांच्या खोपटीत झेलीला टेबलाच्या मध्यावर बसवलं. त्या टेबलाशी बाई बसल्याचं कोणाला आठवत नव्हतं; बायका यायच्या त्या भांडी न्यायला. फिर्मँने स्वतः उठून तिच्या पेल्यात वाइन ओतली आणि भांडी न्यायला आलेल्या बायकांकडे वळला.

"बायकांनो, शिका! एका बाईने तासाभरात माझ्या सगळ्या कुत्र्यांपेक्षा जास्त काम केलं."

"कोणत्या बाईने?" कोणीतरी विचारलं. "दोन होत्या."

"जिला नवरे मिळाले ती," फिर्मँ म्हणाला. "दुसरी तशीच परत आली."

खोपटी हादरली हसण्याने. झेलीसुद्धा हसली. तिचे गाल वाइनने आणि शेकोटीने लाल झाले होते. तिने पावावर चीजचा जाड तुकडा ठेवला आणि विचारलं, "आणि तू किती वर्षं बायको शोधतोयस, फिर्मँ? तूही तसाच परत येतोस ना?" पुन्हा हसणं. निघताना दोघातिघांनी तिला "रविवारी येतेस ना?" असं विचारलं. वडील घरी येऊन आईला म्हणाले, झेली अशी बोलते हे आम्हाला माहीतच नव्हतं.

ती येत राहिली. तिच्या वाट्याचं मांस गिस्लँ पोहोचवायचा. ती ते उकळायची, आणि हाडं आणि चरबी नानेतला घालायची. रानडुक्कर सगळं खातं. हे तिने माझ्या आईला कुंपणाशी उभं राहून सांगितलं, आणि आई त्या दिवशी जेवली नाही. झेलीला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. टाकायचं कशाला, म्हणाली.

नानेत वाट शिकली. पहिल्या शिंगाला फाटकाशी येऊन उभी राहायची, लाकडावर नाक घासायची. दुसऱ्या शिंगाला, म्हणजे क्रुसापाशी झेलीने फुंकल्यावर, चेस्टनटसाठी तोंड वर करायची. गोळ्यांना ती बिचकेनाशी झाली. आवाज झाला की झेलीच्या खिशाकडे बघायची, बस. "ही तुमच्यापेक्षा शहाणी," झेली शिकाऱ्यांना सांगायची. "शिंग वाजलं की खाऊ, एवढं तिला कळतं. तुम्हाला दर वेळी बोलावून आणावं लागतं."

डिसेंबरात एकदा तिने मागे बघितलं. एक नर होता, कान फाटलेला, जो बऱ्याच रविवारी मागे येऊन रांगेच्या अलीकडेच वळायचा. तो नानेतच्या अगदी जवळ येतो, हे तिला पाचोळ्याच्या आवाजावरून कळायचं. नानेतही त्याच्यासाठी रेंगाळायची. त्या रविवारी तो वळला नाही. रांग ओलांडून दोघींच्या मागे आला, आणि झेलीने शिंग फुंकलं. गोळी मणक्यात बसली. झेलीने बघितलं तेव्हा त्याचे मागचे पाय मेले होते आणि तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होता. पळून नाही, नानेतच्या दिशेने. तोंडातून फेस, आणि ओढत, थांबत, पुन्हा ओढत. फिर्मँ सुरी घेऊन येईपर्यंत तो तसाच येत राहिला. नानेत तळहातावरचे चेस्टनट खात होती. तिने एकदा मान वळवली, बघितलं, आणि पुन्हा तळहातात तोंड घातलं.

खोपटीत त्या दिवशी झेली कमी बोलली. "मावशी, थकलीस," गिस्लँ म्हणाला. ती म्हणाली, "कंबर."

जानेवारीत नर यायचे थांबले. नानेतचं पोट खाली उतरलं होतं, कासेला फुगवटा आला होता. गिस्लँने कुंपणाशी वाकून बघितलं आणि शीळ घातली.

"आजी होणार, मावशी."

"हं."

"आता हिच्या मागे कोणी येणार नाही. मोसमापुरतं काम झालं. कोंडून ठेव आता, मोसम संपेपर्यंत तरी. आणि पिल्लं झाली की..." तो थांबला.

"झाली की काय?"

"बघू. पिल्लं काही तू घरात ठेवू शकणार नाहीस ना सगळी? रानात सोडू. पुढच्या वर्षी उपयोगी पडतील."

झेलीने फाटकाची कडी लावली. त्या आठवड्यात तिने कुंपणाला आतून दुसऱ्या फळ्या ठोकल्या. खोपटीत जायचं तिने बंद केलं. रविवारी आता तिची गरज नव्हती, आणि कोणी बोलवायलाही आलं नाही. नानेत पिल्लं घालील तेव्हा कोणाला कळू द्यायचं नाही, असं तिच्या मनात होतं. आईला ती म्हणाली होती, "एप्रिलपर्यंत कोणी आत डोकावलं नाही म्हणजे झालं. मग मी बघते." काय बघणार होती ते तिने सांगितलं नाही. एवढंच खरं की त्या दिवसांत तिला दुसरं काही नको होतं. नानेत आणि तिच्या पोटातलं.

मोसमाच्या शेवटच्या रविवारी मंडळाकडे शहरातून पाहुणे आले होते. नवे बूट, चांगल्या बंदुका, सभ्य माणसं. त्यांना जागा क्रुसाजवळ दिली, तिथून माळ मोकळा दिसतो. गिस्लँने सगळ्यांना नियम सांगितले. त्यातलाच एक: नारिंगी पट्टेवाली डुकरीण दिसली तर ती आपली आहे, बाईच्या मागे चालते, तिला काही करायचं नाही. ती आज बाहेर नाही, पण माहीत असावं. मग त्याने शिंग तोंडाला लावलं.

झेली स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. शिंग ऐकलं, आणि पाठोपाठ फळी फुटल्याचा आवाज. ती बाहेर आली तेव्हा कुंपणाला भोक होतं आणि ओल्या मातीत खूर. तिने हाका मारल्या. नानेत आधीच तळ्याच्या काठावर होती, जड पोटाने दुडक्या चालीने, नेहमीच्या वाटेने, चिखलातून. शिंग वाजलं की निघायचं, वर गेलं की खाऊ. यात चुकीचं असं तिने काही केलं नव्हतं. झेली मागे धावली. कमरेमुळे तिला धावता येत नव्हतं, ते नुसतं लंगडत चालणंच होतं, आणि हाका. वर हाकाऱ्यांचा आणि कुत्र्यांचा कालवा चालू होता. तिचा आवाज तळ्याच्या पलीकडेही गेला नसेल.

एक गोळी. थोड्या वेळाने आणखी एक. मग माणसांचं ओरडणं.

गिस्लँची गाडी नेच्यांतून खाली आली तेव्हा झेली एका खोडाला धरून उभी होती. तो उतरला, टोपी काढली.

"मावशी."

"पट्टा होता ना?"

"होता. चिखलाने माखला होता. पाहुण्याला कळलं नाही."

"सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं होतं. पट्टेवाली बाईच्या मागे असते, म्हणून सांगितलं होतं. तो म्हणतो, बाई नव्हती."

झेलीने खोडाला धरलेला हात सोडला.

"मेली नाही," गिस्लँ म्हणाला. "पोटात लागली. जाळीत शिरली आहे. फिर्मँचा कुत्रा तांगो आत गेला, त्याला तिने फाडलं. बाकीची कुत्री जात नाहीत. तशीच सोडली तर परवापर्यंत मरत राहील, मावशी. तू चल. तुझ्याशिवाय ती कोणाला जवळ येऊ देणार नाही."

गाडीत ती बसली नाही. चालत गेली. गिस्लँ तिच्या बाजूने चालत होता, आणि दोन्ही बाजूंनी नेच्यांतून माणसं एकेक करत खाली येत होती, बंदुका मधून उघडून, रिकाम्या करून हातावर टाकलेल्या. जाळीपाशी फिर्मँ मांडीवर कुत्रा घेऊन बसला होता. कुत्र्याची आतडी त्याने गळ्यातल्या रुमालात धरली होती आणि तो रडत होता. झेलीला बघून ओरडला, "तुझ्या त्या रांडेने माझं पोर मारलं! माझं पोर!"

झेली वाकली, कुत्र्याकडे बघितलं. "आतडं फाटलेलं नाही," म्हणाली. "धुऊन आत घाल आणि गाडीत टाक. वाचेल." फिर्मँने रुमाल कुत्र्याच्या पोटाशी दाबून धरला.

गिस्लँने शिंग पुढे केलं. "फुंक. येईल ती."

"माहीत आहे येईल ते."

"म्हणून तर देतोय."

"म्हणूनच नको," झेली म्हणाली. "सुरी दे."

"मावशी, आत जाऊ नकोस. तिला आता तू कोण, मी कोण, कळणार नाही."

"सुरी दे म्हटलं ना."

त्याने दिली. तिने अंगावरचा स्वेटर काढून डोक्याभोवती गुंडाळला, सुरी दातांत धरली आणि डुकरिणीने पाडलेल्या बोगद्यातून हातापायांवर आत शिरली. काट्यांनी तिचा स्कर्ट धरला, फाटला, तिचे बूट दिसेनासे झाले. बाहेर सगळी माणसं उभी. आधी आतून गुरगुरणं आलं, दात वाजल्याचा आवाज आला, आणि झेलीची एक किंकाळी. गिस्लँ जमिनीवर झोपून आत जायला निघाला, वडिलांनी त्याला पायाला धरून ओढलं.

मग झेलीचं बोलणं ऐकू आलं. वडील सांगतात, ती काही विशेष बोलत नव्हती. पन्हाळीचं पाणी भिंतीत उतरतंय, दुरुस्त करायला हवी. आज ऊन पडेल असं वाटलं होतं. बटाटे तसेच राहिलेत. अगदी सावकाश, कोणाशी रस्त्यात उभं राहून बोलावं तसं. गुरगुरणं हळूहळू कमी झालं. बोलणं चालूच राहिलं. मग एका वाक्याच्या मध्येच थांबलं.

"झालं का?" गिस्लँने विचारलं.

आत काटक्या मोडल्या. मग आतून: "दोर फेका."

दोराने नानेतला बाहेर ओढलं. मागून झेली आली. तिच्या डाव्या हाताचा कोपरापासून खालचा भाग उघडा पडला होता, मांस लोंबत होतं. नानेतने चावला होता तो आधी, ओळखण्याआधी, किंवा ओळखूनही. डॉक्टरांकडे चल, असं सगळे म्हणाले. तिने स्वेटरने हात करकचून बांधला आणि तिथेच उभी राहिली. नानेतला उघडलं तेव्हाही उभी होती. जनावर पडलं की लगेच पोट साफ करायचं असतं, नाहीतर मांस नासतं. पोटात लागलेलं तर आणखी लवकर. पिल्लं एकामागून एक बाहेर काढून गवतावर ठेवली. अंगावर पट्टे उमटले होते. डोळे अजून मिटलेले होते, पण पट्टे होते. रांगेतला कोणीतरी हळहळला. "पुढचा अख्खा मोसम गेला की रे."

मोसमाच्या शेवटच्या जनावराचा पुढचा उजवा पाय कापून मानकऱ्याला देतात. त्या वर्षी तो पाहुण्यांसाठी ठरला होता. पण ज्याने गोळी घातली तो पाहुणा, लाल झालेला, घसा साफ करत पुढे आला आणि म्हणाला की हा मान बाईंना द्यावा, आपण त्याला पात्र नाही. शेवटचा घाव त्यांचा आहे, आणि असं धैर्य आपण पाहिलं नाही. ते सगळ्यांना पटलं. मनापासून पटलं. कोणी म्हणालं की या मोसमाची मानकरी झेलीच. बायकांपैकी पहिली. गिस्लँने गुडघ्याशी कातडी सोडवून पाय कापला, टोपी उलटी केली, आत ओकची सुकी पानं घातली, त्यावर पाय ठेवला आणि मावशीपुढे उभा राहिला. सगळ्यांनी टोप्या काढल्या. फिर्मँनेही, कुत्र्याला गाडीत ठेवून येऊन.

झेलीने चांगला हात स्कर्टला पुसला आणि पाय उचलला. मान घेणाऱ्याने देणाऱ्याच्या दोन्ही गालांना गाल लावायचे असतात. तिने लावले. गिस्लँच्या गालाला रक्त लागलं, त्याने पुसलं नाही.

"बाकीचे तीन?" झेलीने विचारलं.

माणसं हसली. इतक्या वेळाने कोणीतरी काहीतरी बोललं, याचंच ते हसणं होतं, मोठं, लांबलेलं. ती ते संपेपर्यंत थांबली.

"विचारते आहे. बाकीचे तीन कोणाला?"

"ते... कुत्र्यांना जातात, मावशी," गिस्लँ म्हणाला. "नेहमीच."

"कापून दे."

"मावशी, आधी हात..."

"कापून दे, गिस्लँ."

त्याने कापले. सांध्यात सुरी घालताना दुसऱ्या पायाला तो दोनदा चुकला, आणि झेलीने त्याला सुरी कुठे घालायची ते बोटाने दाखवलं. कोणीतरी पावाची पिशवी दिली. चारही पाय तिने पिशवीत घातले, पिशवीचं तोंड पिरगळलं आणि तळ्याच्या वाटेला लागली. गिस्लँ बरंच अंतर गाडी तिच्या चालीने मागून नेत राहिला, खिडकीतून काहीतरी बोलत. गिरणीपाशी त्याने गाडी थांबवली आणि तिथेच बसून राहिला.

हाताला टाके घालायला डॉक्टर तिच्या घरी गेले ते संध्याकाळी, आईने फोन केल्यावर. चुलीवर भांडं नव्हतं, पण आत मोठा जाळ होता. पायांचं तिने काय केलं ते त्यांना विचारावंसं वाटलं नाही, नंतर आम्हालाही नाही. तिच्या धुराड्यातून मात्र दुपारभर धूर येत होता, सोमवारीही.